गुरू नव्हे, कल्याणमित्र!

येत्या १ जूनला प्रा. जॉन ड्यूई यांचा स्मृतिदिन. आपल्या समाजात या दिवशी कोठे अभिवादन सभा होत नाही, चौकात फलक लागत नाहीत, वर्तमानपत्रात चौकटही येत नाही. सात समुद्रापलीकडच्या एका गोऱ्या प्राध्यापकाशी आपला काय संबंध, असे कोणालाही वाटेल. परंतु ज्या महामानवामुळे आज आम्ही हातात लेखणी धरतो आणि कोर्टात ताठ मानेने उभे राहतो, त्या परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या माणसाचे ऋण आयुष्याच्या शेवटापर्यंत उराशी बाळगले. म्हणूनच आजचा हा लेख या प्राध्यापकावर.

१९५२ सालची गोष्ट. कोलंबिया विद्यापीठाने बाबासाहेबांना सन्माननीय एलएल. डी. पदवी देण्याचे ठरविले होते. ५ जूनला समारंभ होता. प्रकृती साथ देत नसतानाही बाबासाहेब निघाले. मनात एक ओढ होती, ती म्हणजे आपल्या जुन्या प्राध्यापकांना डोळे भरून पाहावे! ड्यूई तेव्हा ब्याण्णव वर्षांचे होते. पण भेट व्हायची नव्हती. बाबासाहेब अमेरिकेच्या वाटेवर असतानाच १ जून १९५२ रोजी ड्यूईंचे निधन झाले. न्यूयॉर्कहून माईसाहेबांना लिहिलेल्या पत्रात बाबासाहेबांनी ही हळहळ बोलून दाखविली. आपल्या साऱ्या बौद्धिक जीवनाचे देणे आपण या माणसाला लागतो, अशी कबुली त्यांनी त्या पत्रात दिली. ज्यांनी देशाला राज्यघटना दिली, ते वयाच्या एकसष्टाव्या वर्षी आपल्या कॉलेजच्या मास्तरांसाठी हळवे होतात! वाचकहो, ही साधी गोष्ट नव्हे.

येथे एखादा बांधव विचारील, 'बाबासाहेबांनी आपले तीन गुरू सांगितले. तथागत बुद्ध, संत कबीर आणि महात्मा फुले. मग हा चौथा कोठून काढला?' प्रश्न रास्त आहे. आम्हालाही ड्यूईंना त्या मालिकेत नेऊन बसवायचे नाही. आमचे म्हणणे वेगळे आहे. आपल्या धम्मात या नात्यासाठी एक फार सुंदर शब्द आहे, कल्याणमित्र! भन्ते आनंद एकदा तथागतांना म्हणाले की, कल्याणमित्र लाभणे म्हणजे अर्धे श्रेष्ठ जीवन साधल्यासारखेच आहे. तथागतांनी त्यांना दुरुस्त केले. अर्धे नव्हे आनंदा, ते संपूर्ण श्रेष्ठ जीवनच आहे, असा त्यांचा आशय होता. ब्राह्मणी परंपरेतला गुरू आसनावर बसतो आणि शिष्याला पायाशी बसवितो. कल्याणमित्र बरोबरीने चालतो. आणि खुद्द बाबासाहेबांनी १९३० साली कोलंबियाच्या आठवणी सांगताना कोणता शब्द वापरला? तेथील काही वर्गमित्र आणि ड्यूई, शॉटवेल, सेलिग्मन, रॉबिन्सन हे प्राध्यापक आपल्या आयुष्यातले सर्वांत चांगले मित्र होत, असे त्यांनी म्हटले. प्राध्यापकांना मित्र म्हटले! ज्याला मायदेशातल्या शाळेत गोणपाटावर वेगळे बसविले गेले, त्याला परक्या देशातल्या प्राध्यापकांमध्ये मित्र भेटले. या एका शब्दात जातिव्यवस्थेवरचे केवढे मोठे आरोपपत्र आहे!

वर्गातला तो माणूस

सयाजीराव महाराज गायकवाडांची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले. विषय मुख्यतः अर्थशास्त्र. सेलिग्मन हे त्यांचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक. परंतु ज्ञानाची भूक अशी की इतिहास, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र, तत्त्वज्ञान असे जे मिळेल ते त्यांनी घेतले. त्याच ओघात ते ड्यूईंच्या नीतिशास्त्र आणि राजकीय तत्त्वज्ञानाच्या वर्गात जाऊन बसले.

हे ड्यूई काही मोठे फर्डे वक्ते नव्हते. त्यांचे विद्यार्थी सांगतात की सर हळू आवाजात, थांबत थांबत बोलत. कधी खिडकीबाहेर पाहत, कधी हातातला कागद चाळत. नव्या विद्यार्थ्याला तास कंटाळवाणा वाटे. पण जो टिपणे घेऊन घरी वाची, त्याच्या लक्षात येई की हा माणूस तयार उत्तरे देत नव्हता, आपल्यासमोर विचार करीत होता! विचार कसा करावा, हेच तो दाखवीत होता. बाबासाहेबांवर त्या तासांचा ठसा इतका खोल उमटला की, तीस वर्षांनंतरही ते ड्यूईंच्या वर्गातल्या लकबींची आनंदाने नक्कल करून दाखवीत, अशी आठवण माईसाहेबांनी सांगितली आहे.

आणि हा प्राध्यापक केवळ पुस्तकी नव्हता. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी १९०९ मध्ये राष्ट्रीय परिषद बोलावण्यात आली, तेव्हा त्या आवाहनावर सही करणाऱ्यांत ड्यूई होते. १९१५ मध्ये, म्हणजे बाबासाहेब त्यांच्या वर्गात असतानाच, अमेरिकेतल्या विद्यापीठीय प्राध्यापकांची संघटना उभी राहिली. प्राध्यापकाला त्याच्या मतांसाठी नोकरीवरून काढता येऊ नये, ही तिची मुख्य मागणी. त्या संघटनेचे पहिले अध्यक्ष जॉन ड्यूई! वर्गात लोकशाही शिकवायची आणि बाहेर व्यवस्थापनापुढे मान तुकवायची, असला दुटप्पीपणा त्यांच्याजवळ नव्हता.

१९१६ मध्ये ड्यूईंचा 'डेमोक्रसी अँड एज्युकेशन' हा ग्रंथ निघाला. त्याच वर्षी बाबासाहेब कोलंबिया सोडून लंडनला गेले. तेथे त्यांनी हा ग्रंथ मिळविला. त्यांच्या प्रतीवर जानेवारी १९१७ ची तारीख आहे. वर्ग सुटला होता, देश बदलला होता, पण प्राध्यापकाचा हात सुटला नव्हता.

शिकवणीचे काय केले?

आता मुख्य मुद्दा. प्राध्यापकाविषयी आदर असणारे विद्यार्थी पुष्कळ असतात. त्या शिकवणीचे बाबासाहेबांनी काय केले, हे पाहण्यासारखे आहे. त्यासाठी 'जातिनिर्मूलन' उघडावे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने भाषणासाठी बोलाविले, मग भाषणातला मजकूर पाहून परिषदच रद्द केली, आणि बाबासाहेबांनी मे १९३६ मध्ये ते भाषण स्वतः छापले, हा इतिहास आपल्या वाचकांना पाठ आहे. त्या भाषणात त्यांनी ड्यूईंचा आपले शिक्षक म्हणून नावानिशी कृतज्ञ उल्लेख केला आहे. समाजाने आपला सगळाच्या सगळा वारसा पुढच्या पिढीच्या गळ्यात बांधू नये, भावी समाज अधिक चांगला होईल एवढाच भाग निवडून द्यावा, हा ड्यूईंचा विचार त्यांनी तेथे हत्यारासारखा वापरला आहे. 'आमची परंपरा फार प्राचीन आहे' म्हणणाऱ्यांना याहून चोख उत्तर कोणते?

दुसरी गोष्ट. लोकशाही म्हणजे केवळ राज्यकारभाराची पद्धत नव्हे, ती एकत्र जगण्याची, एकमेकांचा अनुभव वाटून घेण्याची रीत आहे, ही ड्यूईंची मांडणी. अमेरिकेतल्या वाचकाला ती शाळेपुरती वाटली असेल. बाबासाहेबांनी ती गावकुसापाशी आणून उभी केली. जेथे पाणवठा एक नाही, स्मशान एक नाही, जेवणाची पंगत एक नाही, तेथे एकत्र जगणे कोठून येणार? आणि ते नसेल तर मतपेटी असूनही लोकशाही कशी टिकणार? बंधुतेला त्यांनी एवढे महत्त्व का दिले, हे येथे कळते.

तिसरी गोष्ट प्लेटोची. माणसांचे तीन ठरीव वर्ग पाडणाऱ्या प्लेटोवर ड्यूईंनी टीका केली आहे. प्रत्येक माणूस वेगळा, त्याच्या शक्ती अनेक, त्याला दोन-चार कप्प्यांत कोंबता येत नाही, असा त्या टीकेचा रोख. बाबासाहेबांनी हाच तर्क चातुर्वर्ण्यावर लावला आणि गुणकर्माची मखलाशी करणाऱ्या आर्यसमाजी सुधारकांचा आधारच काढून घेतला.

चौथी गोष्ट आम्हा वकील मंडळींना विशेष भावते. ती आहे नियम आणि तत्त्व यांतल्या फरकाची. ड्यूईंनी आपले सहकारी टफ्ट्स यांच्यासह १९०८ मध्ये नीतिशास्त्रावर जो ग्रंथ लिहिला, त्यात हा भेद आहे. नियम सांगतो, अमुक कर, तमुक करू नको. तत्त्व तसे सांगत नाही. ते प्रसंगाकडे पाहण्याची दृष्टी देते आणि निर्णयाची जबाबदारी माणसावर टाकते. बाबासाहेबांनी हा भेद धर्माला लावला. ज्याला हिंदू धर्म म्हणतात तो विधिनिषेधांचा, आज्ञांचा गठ्ठा आहे. नियमांचा धर्म गेला पाहिजे आणि तत्त्वांचा धर्म आला पाहिजे, असे त्यांनी मांडले. १९५६ साली नागपूरला जे धम्मचक्र फिरले, त्या दिशेचा एक दिवा १९३६ च्या या युक्तिवादातही दिसतो.

शिष्य पुढे गेला

पण बाबासाहेब ड्यूईंचे भक्त नव्हते, हेही तितक्याच ठामपणे सांगितले पाहिजे. ड्यूईंचा भरवसा शिक्षणावर, प्रयोगावर, हळूहळू होणाऱ्या सुधारणेवर. वंशभेदाचा प्रश्न त्यांच्या तत्त्वज्ञानाच्या मध्यभागी कधी आला नाही. ज्याने महाडचे पाणी पेटताना पाहिले, त्याला केवळ समाजाच्या सद्बुद्धीवर विसंबून राहणे शक्य नव्हते. म्हणून बाबासाहेबांनी शिक्षणाच्या जोडीला कायदा आणला. हक्काला घटनेचे कलम दिले आणि कलमाला न्यायालयाचे दार दिले. प्राध्यापकाचा विचार त्यांनी घेतला, पण तो आपल्या लोकांच्या दुःखावर घासून पाहिला. जेथे अपुरा पडला तेथे स्वतःची भर घातली. तथागतांनी कालामांना हेच सांगितले होते ना? हा आमचा गुरू आहे म्हणून त्याचे म्हणणे मानू नका. अनुभवाला पटले तर माना.

आणि मोठ्या मनाच्या प्राध्यापकाला हे खपते! लंडनचे प्रा. एडविन कॅनन यांचे उदाहरण घ्या. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या १९२३ च्या ग्रंथाला त्यांनी प्रस्तावना लिहिली. त्या प्रस्तावनेतच त्यांनी सांगून टाकले की लेखकाचे पुष्कळ म्हणणे आपल्याला पटत नाही, पण त्याच्या विचारांतला ताजेपणा आपल्याला आवडतो. विद्यार्थ्याचे मत आपल्याविरुद्ध आहे आणि तरीही त्याच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहायची! आमच्याकडे काय परंपरा? एकलव्य तीरंदाजीत पुढे गेला तर त्याचा अंगठा मागायचा! एका बाजूला प्रस्तावना देणारा हात आणि दुसऱ्या बाजूला अंगठा घेणारा हात. वाचकांनीच तुलना करावी.

आपल्याकडे सगळेच द्रोणाचार्य होते असे मात्र नाही. सत्य सांगायचे तर पूर्ण सांगावे. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांच्या हातात ठेवणारे कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजी होते. सयाजीराव महाराजांपर्यंत त्यांना नेणारेही केळुसकरच. एल्फिन्स्टन कॉलेजात हॉटेलवाला त्यांना चहा-पाणी देत नव्हता. त्याच कॉलेजात प्रा. म्युलर त्यांना पुस्तके आणि कपडे देत होते. एका भिंतीच्या आत दोन्ही माणसे होती. विद्यार्थी कोणाच्या हाती लागतो, यावर त्याचे आयुष्य ठरते. बहुजनांच्या मुलांचे आयुष्य असे नशिबावर सोडायचे का, हा खरा प्रश्न आहे.

बाबासाहेबांनी ते नशिबावर सोडले नाही. ते स्वतः प्राध्यापक झाले. नोव्हेंबर १९१८ पासून मार्च १९२० पर्यंत सिडनहॅम कॉलेजात त्यांनी अर्थशास्त्र शिकविले. काही सहकाऱ्यांना त्यांनी स्टाफरूममधल्या पाण्याच्या भांड्याला हात लावलेला चालत नव्हता. पण इतर कॉलेजांचे विद्यार्थी परवानगी काढून त्यांच्या व्याख्यानाला येत. पुढे १९३५ ते १९३८ ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय, १९५० मध्ये त्या वेळच्या औरंगाबादला महाविद्यालय. त्याला नाव काय दिले? मिलिंद! आणि परिसराला नागसेनवन. मिलिंद हा प्रश्न विचारणारा राजा, नागसेन उत्तर देणारे भिक्खू. वाद पंडितांसारखा करणार असशील तर बोलू, राजासारखा करणार असशील तर नाही, ही नागसेनांची अट होती. पंडित हरला तरी रागावत नाही. राजा दंड देतो. बाबासाहेबांनी महाविद्यालयाला नाव दिले ते प्रश्न विचारणाऱ्याचे! आमच्या मते ड्यूईंच्या वर्गाचे आणि धम्माच्या परंपरेचे ऋण त्यांनी या एका नावात फेडले. त्याच मिलिंदमध्ये प्राचार्य म. भि. चिटणीस यांच्यासारखे जातीच्या पलीकडे पाहणारे शिक्षक आले, आणि त्याच भूमीवर प्रा. गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श'च्या माध्यमातून लिहिणाऱ्यांच्या पिढ्या घडविल्या.

आज आमचा विद्यार्थी कोणाकडे पाहतो?

हे सारे आठवायचे कशासाठी? आमच्या कार्यालयात येणारे विद्यार्थी पाहून हा विषय डोक्यात आला. शिष्यवृत्ती अडकली, जातपडताळणी रखडली, मार्गदर्शकाने प्रबंधावर सही करायला टाळाटाळ चालविली, अशी त्यांची गाऱ्हाणी असतात. आम्ही अर्ज लिहून देतो, नोटीस पाठवितो, वेळ पडली तर कोर्टात उभे राहतो. पण बोलता बोलता विचारले की, 'बाळ, कॉलेजात तुझ्या बाजूने बोलणारे एखादे सर, एखाद्या मॅडम आहेत का?' तर बहुतेक मुले मान खाली घालतात. हा खटला कोणत्या कोर्टात दाखल करायचा?

रोहित वेमुलाची सात महिन्यांची फेलोशिप थकली होती. १७ जानेवारी २०१६ ला तो गेला. २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. विद्यापीठ अनुदान आयोगाचे समतेसंबंधीचे विनियम २०१२ पासून कागदावर होते, तरी ही मुले गेली. अखेर या दोघांच्या मातांनाच २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. विनियम हवेतच, त्यांची अंमलबजावणीही हवी. पण संकटात पडलेल्या मुलाचा हात धरायला विनियम येत नाही, माणूस यावा लागतो.

तो माणूस कॉलेजात यावा म्हणून आरक्षण आहे. आणि नेमका तेथेच घाव घातला जातो! एप्रिल २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने विद्यापीठाऐवजी विभाग हा आरक्षणाचा एकक धरला. ५ मार्च २०१८ ला अनुदान आयोगाने तसे परिपत्रक काढले. हाच तो तेरा बिंदूंचा रोस्टर. त्यात अनुसूचित जातीची पाळी सातव्या पदाला आणि अनुसूचित जमातीची चौदाव्या पदाला. विभागात पाच-सहा प्राध्यापक असतील तर आमची पाळी येणारच नाही! आरक्षण कायद्यात राहिले, वर्गातून गायब झाले. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवला. मग लोक रस्त्यावर उतरले. ५ मार्चला भारत बंद झाला, दोनच दिवसांत अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी केंद्रीय शैक्षणिक संस्थांसाठी कायदा झाला. विद्यापीठ पुन्हा एकक झाले. तरी त्याच कायद्यात काही नामांकित संस्थांना सूट दिली आहे, हे विसरू नका. आणि आमच्या महाराष्ट्रात उच्चशिक्षित मुलेमुली तासिका तत्त्वावर राबतात. ज्याला आपली नेमणूक पुढच्या वर्षी राहील की नाही याची खात्री नाही, तो व्यवस्थापनासमोर विद्यार्थ्यासाठी तोंड कसे उघडणार? ड्यूईंनी १९१५ मध्ये जो प्रश्न उचलला, तोच हा प्रश्न!

म्हणून आमचे पहिले सांगणे चळवळीतल्या कार्यकर्त्यांना आहे. प्राध्यापक भरती हा केवळ नोकरीचा प्रश्न समजू नका. तो आपल्या मुलांना कल्याणमित्र मिळण्याचा प्रश्न आहे. जयंतीच्या वर्गणीइतकीच तळमळ रिक्त पदांच्या आणि बिंदुनामावलीच्या माहितीसाठी दाखवा. माहिती अधिकारात अर्ज करा, आकडे मागा, ते छापून आणा.

दुसरे सांगणे आमच्याच प्राध्यापक बंधुभगिनींना, आणि ते थोडे कडू आहे. समाजाच्या संघर्षातून आपण त्या खुर्चीवर पोहोचलात. मग वस्तीतला मुलगा स्टाफरूमच्या दारात उभा राहिला की ओळख का देत नाही? आपणही शिष्यांकडून पाया पडून घेऊ लागलो, प्रश्न विचारणाऱ्याला उद्धट म्हणू लागलो, तर द्रोणाचार्यांत आणि आपल्यात फरक तो काय? २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीचा धोका देशाला सांगितला होता. तो इशारा वर्गालाही लागू आहे. प्रत्येक प्राध्यापकाने, निवृत्तांनीसुद्धा, पाच विद्यार्थी आपले मानावेत. रविवारी बुद्धविहारात वंदनेनंतर तासभर बसावे. अर्ज कसा करावा, संदर्भ कसे शोधावेत, मुलाखतीत कसे बोलावे, एवढे शिकविले तरी पुष्कळ आहे. पैसा लागत नाही. वेळ आणि मन लागते.

तिसरे सांगणे विद्यार्थ्यांना. चांगले सर भेटले तर त्यांच्या फोटोला हार घालू नका. त्यांचे पुस्तक मागून घ्या, त्यांच्याशी वाद घाला, आणि ते जेथे थांबले तेथून पुढे जा. बाबासाहेबांनी ड्यूईंना अशीच गुरुदक्षिणा दिली.

१ जूनला सभा झाली नाही तरी चालेल. त्या दिवशी आपल्या वस्तीतला एखादा शिकलेला माणूस एखाद्या मुलाचा प्रवेश अर्ज भरायला बसला, तर प्रा. जॉन ड्यूई यांना आपल्या समाजाने दिलेले ते सर्वांत खरे अभिवादन ठरेल.

जय भीम! नमो बुद्धाय!